आतलं ‘नाही’

३ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

ताई, जुळलं! माझ्या किडन्या गेल्यापासून घरात पहिल्यांदाच कुणी मोठ्याने हसलं. डॉक्टर म्हणाले, सख्ख्या बहिणीचं इतकं छान जुळणं म्हणजे नशीबच. एक दिवस डायलिसिसच्या खुर्चीत, दुसऱ्या दिवशी लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर. दोन्हीकडे जीव टांगणीला. ते आता संपेल.

दवाखान्यातल्या समुपदेशक बाई तुझ्याशी एकटीशी बोलतील. राजीखुशीने देताय ना, एवढंच विचारतात म्हणे. हो म्हण आणि शाळांच्या गणवेशांचं शिवणकाम महिनाभर दुसऱ्या कुणावर सोपव. तुझ्या किडनीबरोबर तुझा हट्टीपणाही माझ्यात येईल, अशी तुझ्या भावजयीला धास्ती आहे.

लोभ आहेच, आता तर तो अंगातच वागवणार.

तुझा धाकटा

१९ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

काल डॉक्टरांनी सांगितलं, दाता म्हणून तू बसत नाहीस. कारण विचारलं तर फाइलकडेच बघत राहिले. ताई, मनाला लावून घेऊ नकोस. तू तयार झालीस, यातच सगळं आलं. ही खूप रडली, मग तुझ्यासाठी विणायला घेतलेला स्वेटर पुन्हा हातात घेतला. माझं नाव प्रतीक्षा यादीत घातलंय.

तू फोन का उचलत नाहीस? जेवतेस ना?

तुझा धाकटा

२६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अ. उ. आशीर्वाद.

मी तपासणीत बसत होते. मीच नाही म्हणाले.

त्या बाईंनी दार लावलं आणि मला काय हवंय ते विचारलं. तोवर हे कुणी विचारलंच नव्हतं, मीही नाही. ‘हो’ अगदी ओठांवर होतं. तोंड उघडलं आणि ‘नाही’ बाहेर पडलं. कुणी दुसरंच बोललं की काय, म्हणून मी मागे वळून पाहिलं.

घाबरले म्हणावं, तर तसंही नाही. राहतं घर तुझ्या नावावर कर म्हणालास, तर आज करीन. पण हे नको, एवढंच आतून येतं आणि ते जागचं हलत नाही. कापड बेतताना मी त्या ‘नाही’ला शिव्या घातल्या. ज्याला कडेवर घेऊन वाढवलं त्याच्यासाठीही नाही का, असं विचारलं. ते कारण सांगत नाही, माघारही घेत नाही. आतला आवाज ऐकावा म्हणतात रे. तो असलं काही बोलला तर तोंड कुठे लपवावं, ते कुणी सांगत नाही.

खरं कारण घरी कळणार नाही, डॉक्टर फक्त बसत नाही म्हणतील, असं बाईंनी सांगितलं. मी मान डोलावली. पण तुझं समजुतीचं पत्र आलं आणि घास घशाखाली उतरेना.

तू नुसतं ‘ये’ म्हणालास तर मी येईन, सहीही करीन. म्हणून हात जोडते, म्हणू नकोस.

आशीर्वाद द्यायला हात उचलत नाही, तरी देते.

ताई

२ एप्रिल

ती. ताईस नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. चार पत्रं लिहिली आणि फाडली. चारींत तो एकच शब्द होता, जो म्हणू नकोस असं तू लिहिलंस.

डॉक्टर फाइलकडे बघत होते तेव्हाच माझ्या मनाने मला सांगितलं होतं. मी त्याला गप्प बसवलं आणि तुला समजुतीचं लिहिलं. तेव्हा मी तरी कुठे ऐकलं?

रागावलो नाही, असं लिहिणार होतो. रागावलोय. खुर्चीत बसलो की तुझ्यावर रागावतो. तू सही केली असतीस तर काय झालं असतं, हेही दिसतं. तुझी किडनी मी घेतली असती, ताई, आणि तुझ्या तोंडाकडे न बघता घेतली असती. ते कळल्यापासून मला माझाही भरवसा वाटत नाही.

हिला सांगितलेलं नाही. स्वेटर पुरा होत आलाय, ती पाठवील. घाल. यादी पुढे सरकत नाही. सध्या इकडे येऊ नकोस. तू समोर आलीस तर मी तो शब्द बोलून बसेन.

लोभ आहे. त्याचं काय करायचं, ते मात्र कळत नाही.

धाकटा