परळीचा नवस देवघरात

मु. देवघर, झारखंड
ऋषिपंचमी

तीर्थस्वरूप वन्संना सत्यभामेचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? वैजनाथाच्या पायऱ्या चढून जाता की खालूनच हात जोडता? खालूनच जोडा, त्याला दिसतं. आम्ही इथे तेजश्रीकडे खुशाल आहोत. नात पाच महिन्यांची झाली, नाक तुमच्यावर गेलंय (असं तुमचे भाऊ म्हणतात, मी अजून काही ठरवलेलं नाही). येताना येसर, तूरडाळ, लोणचं घेऊन आले, म्हणजे लेकीच्या घरावर आमचा भार नको. फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल. घर दोन खोल्यांचं, आणि तुम्हाला ऐकू जावं म्हणून मला ओरडावं लागतं. हे ओरडून सांगण्यासारखं नाही.

तुम्हाला माहीतच आहे, तेजश्रीचं पहिलं बाळंतपण माझ्याकडे वडवणीला व्हायचं, पण डॉक्टरांनी प्रवास बंद केला आणि ते इथेच झालं. त्या दिवशी मी परळीला तुमच्याकडेच होते. देवळातून परत आल्यावर सगळ्यांना सांगितलं, की वैजनाथाला नवस बोलले आहे, बाळ त्याच्या उंबऱ्यापुढे आणून ठेवीन. तेव्हापासून मी म्हणतेय चला, आणि जावई विजयसिंह (स्वभावानं चांगला, पण इथल्या नोकरीत फार रमलाय) म्हणतो, "आई, दोन दिवस रेल्वेत लेकराचे हाल कावून करायचे? वैजनाथ इथं बी हाय की! देव काय दोन हायेत का?" तुमचे भाऊ लगेच, "पोरगं बरोबर बोलतंय." एरवी काटकसर मीच शिकवते, त्यामुळे माझं तोंड बंद. पण गेल्या महिन्यात त्यानं इथे घरासाठी जागा बघून ठेवली हो. आपली नात बीड जिल्ह्याची माती एकदाही न बघता मोठी होणार, ही माझी धास्ती. नवस तेवढा एक धागा होता.

तर सोमवारी सगळे इथल्या वैजनाथाला गेलो. रांगेत एका पंड्यानं, म्हणजे इथल्या पुजाऱ्यानं, गोष्ट सांगितली. रावण लिंग घेऊन लंकेला निघाला, वाटेत खाली ठेवायचं नाही अशी अट, आणि नेमकी त्याला लघुशंका लागली (गोष्टीतच आहे म्हणून लिहिते). त्यानं लिंग गुराख्याच्या हातात दिलं, गुराख्यानं खाली ठेवलं, ते इथेच राहिलं. मी म्हटलं, महाराज, ही गोष्ट आमच्या परळीत पण सांगतात, शिवाय आमच्याकडे लिंगात अमृत आणि धन्वंतरी लपलेत. एवढ्यात मागची हिमाचलातल्या कांगड्याची एक बाई म्हणाली, बैजनाथ तर आमच्याकडे आहे, रावणानं तिथेच ठेवलं. तिघांची जुंपली. मग माझ्या मनात आलं, रावण बिचारा प्रत्येकाच्या वेशीपाशीच कसा अडखळला? प्रत्येक गावाला वाटलं असेल, एवढं मोलाचं कुणी घेऊन चाललंय, ते इथे टेकलं तर बरं होईल. यात गावाची काय चूक?

मी ठरवलं होतं, नात कडेवरून उतरवायचीच नाही. पंडा दोनदा म्हणाला, "रख दो माताजी." मी नाही म्हटलं. आणि वन्सं, त्याच क्षणी नातीनं माझा पदर पार भिजवला. ओवळ्यानं देवापुढे कशी उभी राहू? तुमचे भाऊ चपला सांभाळत बाहेर, तेजश्री आणि विजयसिंह गर्दीत पुढे गेलेले. मी त्या कांगडेवालीच्या हातात नात दिली, पदर धुवायला नळावर गेले. परत येते तर बाईनं पंड्याचं ऐकून लेकरू उंबऱ्यापाशी ठेवलेलं! सगळे हात जोडून उभे, विजयसिंहनं फोटोसुद्धा काढला. "झालं आई, नवस फिटला तुमचा!" आणि माझी नात अशी हसत होती, की मला रागवायलाही जागा उरली नाही. रात्री जेवण गेलं नाही. तुमचे भाऊ म्हणाले, "रावण पण तुझ्याएवढा रडला नसंल."

असो. सर्वांना आशीर्वाद, तुम्हाला पुन्हा नमस्कार.
तुमची,
सत्यभामा

ता. क. तुमच्या देवळातल्या बंकट गुरुजींकडून विजयसिंहला एक फोन करवा. एवढंच सांगायचं, की नवस बोलणाऱ्यानं स्वतःच्या हातानं, आणि जिथे बोलला तिथेच फेडायचा असतो, परक्या बाईनं ठेवलेलं धरत नाहीत. दिवाळीला परळीला यायचं कबूल करून घ्यावं.

आणखी एक (हे वाचून चुलीत घाला). नवस मी बोललेच नव्हते. बोलायचं म्हणूनच गेलते, पण गाभाऱ्याच्या अलीकडेच फोन आला, बाळ-बाळंतीण सुखरूप. आता मागायचं काय? बेल वाहिला आणि आले. पण मला नात जवळ हवी, असं म्हटलं तर कोण आणतं? नवस म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही. देवाच्या नावानं खोटं बोलले, ते फार टोचत होतं. म्हणून काल एकटीच इथल्या वैजनाथापुढे गेले आणि खराखुरा नवस बोलले, की पोरं दिवाळीला घरी आली, तर पुढच्या श्रावणात नातीला इथे आणून माझ्या हातानं तुझ्यापुढे ठेवीन. म्हणजे आम्हाला पुन्हा एवढ्या लांब यावं लागणार. तुमच्या भावाला एवढ्यात सांगू नका.