डाव्या काठाची खुर्ची

दादा, तुमची काच आज माझ्यासमोर टेबलावर पडून आहे. कॅमेरा नाही, नुसती काच. मी लेन्स म्हटलं की तुम्ही हसायचात, "लेन्स म्हणलं की ती साहेबाची झाली, काच म्हणलं की आपली." आतून बुरशी धरली आहे तिनं. खिडकीशी धरली की पांढरे बारीक धागे दिसतात, ओलसर डब्यातल्या पापडाला येतात तसले. त्या धाग्यांपलीकडं आपली गल्ली उलटी लटकलेली असते: शेंडा खाली केलेला कडुलिंब, विजेच्या तारा, शेजारच्यांची शेळी, सगळं इवलंसं, धुरकट, आणि कसलाच आवाज नसल्यासारखं. दुपारभर मी तेच बघत बसले आहे. मधे एक गिऱ्हाईक आलं, त्याला झेरॉक्स काढून दिल्या, की परत खिडकीशी. तुम्ही असता तर ओरडला असता, "येडी झाली काय? उगीच काच हाताळून राहिली, बोटं लागतील ना."

परवा ती घेऊन नांदेडला गेले होते. तिथले आपले दुरुस्तीवाले चाचा आता राहिले नाहीत, त्यांचा जावई बसतो. त्यानं काच उजेडात फिरवली आणि म्हणाला, "ताई, बुरशी निघेल, पण वरचा लेप राहील का जाईल, सांगता येत नाही. आणि आता तुमच्याकडंही डिजिटल आहे. शुक्रवारी आमचा माल हैदराबादला जातो, त्याच्या आत काय ते ठरवा." मी हो-नाही करत परत घेऊन आले. खरं म्हणजे ह्यात ठरवायचं ते काय? ह्या कॅमेऱ्याचा रोलही आता कळमनुरीत मिळत नाही. तरी काल फोन उचलला आणि ठेवला, आज सकाळी उचलला आणि ठेवला. कारण ही काच दुरुस्त करायची की नाही, हा प्रश्न आपल्या घरात एकदा येऊन गेला आहे, आणि तेव्हा जे झालं त्यातलं एक मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. ते सांगितल्याशिवाय मला हिच्याबद्दल काही ठरवताच येत नाही, असं होऊन बसलं आहे.

तेव्हा मी पंचवीस-सव्वीस वर्षांची, बी.ए. होऊन तुमच्याबरोबर लग्नं करत हिंडणारी. "बाप होऊन पोरीला काहून घेऊन फिरता?" असं लोक तुम्हाला तोंडावर विचारायचे. तुम्ही म्हणायचात, "बायकांचा पदर नीट करायचा तर मी करू का?" बोलती बंद. माणसं उभी करायचं काम माझं, बटण दाबायचं तुमचं. कॅमेऱ्याची बॅग तुम्ही कधी मांडीवरून खाली ठेवली नाही, आईला सुद्धा हात लावू दिला नाही. आणि त्या दिवशी एसटीत एका बाईला धड उभं राहता येईना म्हणून तुम्ही तिचं लेकरू मांडीवर घेतलंत आणि बॅग वरच्या फळीवर टाकलीत. पुढं म्हशी आडव्या आल्या, ड्रायव्हरनं ब्रेक मारला. बॅग धाडकन खाली. लेकरू मात्र झोपलेलंच होतं. तुम्ही तेच सांगत राहिलात सगळ्यांना, लेकरू उठलं न्हाई म्हणून, जशी काही बॅग पडलीच नव्हती. मला इतका राग आला होता तुमचा!

पुढच्या रोलच्या प्रिंटा आल्या तेव्हा कळलं. मधलं सगळं लख्ख, आणि फोटोच्या डाव्या काठाला, एक माणूस मावेल एवढ्या पट्ट्यात, चेहरे पाण्याखाली गेलेले. आपण नांदेडला गेलो. चाचांनी काच कानाशी हलवून बघितली आणि म्हणाले, "अंदर की एक कांच तिरछी हो गई, साहब. हैदराबाद भेजना पड़ेगा. दो महीने पकड़ो. वैसे बीच में तो एकदम साफ है. किनारे का कौन देखता?" लग्नसराई तोंडावर आली होती आणि आपल्याकडं काच ही एकच. मी म्हटलं, पाठवून द्या दादा, कोणाचा तरी कॅमेरा मागून आणू. तुम्ही चहाच्या टपरीवर बशीत चहा ओतून बराच वेळ नुसते त्याच्याकडं बघत बसलात, आणि शेवटी म्हणालात, "सराई संपू दे. तोवर डाव्या हाताला कोणाला उभं करायचं न्हाई, बस. तिथं एक रिकामी खुर्ची ठेव." म्हणजे तुमचं ठरलं, आणि खुर्ची सांभाळायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

त्या उन्हाळ्यातली लग्नं मला अजून स्वप्नात दिसतात, दादा, आणि स्वप्नात ती सगळी एकाच ठिकाणी लागलेली असतात. पांढरं ऊन, नवरीची पांढरी साडी, शेतात हळद शिजवलेल्या कढयांचा वास कुठूनतरी येतो आहे, आणि प्रत्येक ग्रुपच्या डाव्या हाताला ती खुर्ची, काठावर विरघळलेली, कोणीतरी आत्ताच तिच्यावरून उठून गेल्यासारखी. लोक विचारायचे, "ही काहून मोकळी?" तुम्ही गंभीर तोंड करून सांगायचात, "फोटोला हवा लागते." आणि लोक मान हलवायचे! पण खुर्ची रिकामी ठेवणं काय सोपं होतं? मोकळी खुर्ची दिसली की आपल्याकडं कोणी ना कोणी जाऊन टेकतोच. एखादा पाहुणा टेकायचा, मी त्याला उठवायची. मामांना उठवलं, पोलीस पाटलाला उठवलं, एका ठिकाणी नवरदेवाच्या बापाला उठवलं आणि त्यांच्या शिव्या खाल्ल्या. एवढा माझ्या तोंडाचा पट्टा तेव्हा चालायचा. तुम्ही कॅमेऱ्यामागं गालात हसायचात.

मग ते शिरड शहापूरचं लग्न. दोन एसट्या बदलून गेलो होतो, सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. बुद्धवंदना झाली, लग्न लागलं, जेवणाच्या पंगती बसायच्या आधी घरच्यांचा ग्रुप घ्यायचा होता. सगळे उभे राहिले, आणि नवरी अडून बसली. "माझ्या आत्याला बोलवा, त्याशिवाय फोटो नको." ही आत्या म्हणजे नवऱ्यानं टाकलेली, कितीतरी वर्षं भावाकडंच राहिलेली. तिनंच ह्या पोरीला वाढवलं होतं. तीनदा निरोप गेला तेव्हा मांडवामागच्या चुलाणावरून आली, कोपरापर्यंत ओले हात, कपाळाला पीठ. "मी कशाला बाई? मी अशीच आले," म्हणत होती. मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "कुठं थांबू?" मी खुर्चीकडं बोट केलं. म्हटलं, "बसा तिथं." ती म्हणाली, "खुर्चीवर? मी?" आणि बसली. पदरानं हात पुसले, पाठ ताठ केली, हात मांडीवर ठेवले. तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी बघितलं आहे. एवढ्या माणसांत आपल्याला खुर्ची दिली, ह्याचा आनंद होता तो, आणि ती हसली.

तुम्ही कॅमेऱ्यामागून डोकं बाहेर काढलंत. माझ्याकडं पाहिलंत. मी म्हटलं, "घ्या दादा, पंगत खोळंबली." तुम्ही म्हणालात, "बाई, जरा मधी सरकता का?" ती खुर्चीसकट चार बोटं सरकली, तेवढ्यानं काय होणार होतं? तिला सगळ्यांदेखत उठवायचं तुमच्या जिवावर आलं असणार. पोलीस पाटलाला उठवणं निराळं. तुम्ही बटण दाबलंत.

पावसाळा संपता संपता ती नवरी आपल्या दुकानात आली, एकटीच, पायांत चिखल. तुम्ही पासपोर्ट फोटो कापत होतात. ती म्हणाली, "काका, आत्या गेली. ताप आला अन् दोन दिवसांत गेली." तुम्ही कात्री खाली ठेवलीत. तिनं पिशवीतून तो ग्रुप काढला, टॉवेलमध्ये गुंडाळलेला. "रविवारी जलदान विधी हाय. म्होरं ठेवायला फोटो पाहिजे. तिचा दुसरा फोटोच न्हाई. हिला एकटीला काढून मोठं करून द्या. मोठा केला की साफ दिसंल ना, काका?" मोठा केला की साफ दिसतं, असं आपल्याकडं सगळ्यांनाच वाटायचं. तुम्ही तिला नाही म्हणाला नाहीत. "बस पोरी, पाणी पी," एवढंच म्हणालात आणि निगेटिव्ह शोधायला आत गेलात.

पुढचे तीन दिवस तुम्ही त्या लग्नाचे सगळे रोल भिंग लावून पाहिलेत. ती होती, दादा, जवळजवळ प्रत्येक फोटोत होती. वाढणारा हात, वाकलेली पाठ, कोणाच्यातरी खांद्यामागं पदराचं टोक. एका फोटोत नवरीच्या गालाला हळद लावणारी तिची बोटं होती, इतकी स्पष्ट की नखांतलं पीठ दिसत होतं. चेहरा मात्र त्या एकाच ठिकाणी, आणि तो तसा. ग्रुप तुम्ही नांदेडच्या लॅबमधून मोठा करून आणलात, तर चेहरा आणखीनच विरून गेला. मग तुम्ही बारीक ब्रश घेऊन बसलात, डाग बुजवायचा तो. डोळे काढलेत, भुवया काढल्यात, ओठ काढलेत. दुपारभर तुम्ही खिडकीशी वाकलेले, बाहेर बारीक पाऊस, आणि मी गल्ल्यावर बसून तुमच्या पाठीकडं बघते आहे. संध्याकाळी तुम्ही तो हातभर लांब धरून पाहिलात. सुरेख बाई झाली होती, कॅलेंडरवरच्यासारखी. तुम्हीच तो टराटरा फाडलात.

शनिवारी ती पोरगी आली तेव्हा तुम्ही तिच्यासमोर दोन प्रिंटा ठेवल्या. एक तो चेहरा, जसा होता तसा, आणि एक हळद लावणारा हात. म्हणालात, "पोरी, माझ्या काचेत दोष होता. मला ठाऊक होता. चूक माझी हाय, तुझे पैसे नकोत." मी तिथंच उभी होते. तुम्ही माझ्याकडं नजरसुद्धा वळवली नाहीत. तिनं दोन्ही प्रिंटा घेतल्या, टॉवेलमध्ये गुंडाळल्या. दारापर्यंत गेली, परत वळून म्हणाली, "डोळे तेवढे दिसले असते तर बरं झालं असतं, काका." आणि गेली.

सराई संपूनही आज-उद्या करत ठेवलेली ती काच दुसऱ्या दिवशी तुम्ही काढून रुमालात बांधलीत आणि नांदेडची पहिली एसटी धरलीत. दिवाळी आणि त्यानंतरची लग्नं समोर होती. घेतलेल्या सुपाऱ्या तुम्ही परत केल्यात. आई म्हणाली, "आता काहून? झालं ते झालं, एका चेहऱ्यापायी धंदा बुडवता का?" तुम्ही म्हणालात, "एवढ्यापायीच," आणि चपला घातल्या. काच परत आली ती चांगली होऊन आली, काठापासून काठापर्यंत बराबर. तिला त्या खुर्चीवर का बसवलंस, हे तुम्ही विचाराल म्हणून मी किती दिवस वाट पाहत होते. जेवताना, एसटीत, अंधाऱ्या खोलीतल्या लाल दिव्याखाली. तुम्ही त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीत, आणि मला वाटायला लागलं, विसरलात.

विसरला नव्हतात. शेवटच्या आजारपणात, ओसरीवर खाट टाकली होती, दुपारची वेळ, मी तुम्हाला मोसंबी सोलून देत होते. तुमचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं झोप लागली. आणि तुम्ही एकदम, कालची गोष्ट असावी तसं विचारलंत, "शिरडला तू त्या बाईला मधी काहून घेतली न्हाईस गं?" मी पुढची फोड सोलायला घेतली. मी म्हटलं, "गर्दी होती, दादा." मग म्हणालात, "व्हय. गर्दी होती." आणि माझ्या हातावर हात ठेवलात. दोन आठवड्यांनी तुम्ही गेलात.

मघाशी मी नांदेडला फोन केला. उद्या सकाळी काच आणून देते म्हटलं, लेप राहो नाहीतर जावो. त्यानं विचारलं, "ताई, काढणार काय हिच्यातून?" म्हटलं, बघू. आता ऊन भिंतीवरून उतरलं आहे. हा कागद कुठं टाकायचा नाही, कोणाला दाखवायचा नाही, तेव्हा लिहायला हरकत नाही.

गर्दी नव्हती, दादा. नवरीच्या मामांना जरा सरका म्हटलं असतं तर ती नवरीला खेटून मावली असती. मी जागा बघितली होती. काठावर काय होतं ते मला माहीत होतं. पण तिचे ओले हात, ती विटलेली साडी, आणि मला लागलेली भूक. मला वाटलं, हिचा फोटो मागायला कोण येणार आहे.