ठिपके उठत नाहीत

३ फेब्रुवारी

ब्रेलची पट्टी कोरी! काल संध्याकाळी ताईला मेसेज लिहिला तोवर धडधाकट होती. आज सकाळी चालू केली – तिने स्वतःचं नाव दाखवलं, बॅटरी भरलेली आहे असं दाखवलं, आणि पुढे काही नाही. बोटं फिरवतेय, फिरवतेय – सपाट. फोनमध्ये जे येईल त्याचे ठिपके बोटांखाली उठायला हवेत. एक ठिपका उठत नाही.

आणि नेमकं आत्ता! बाईंचं उत्तर यायचंय.

म्हणून कपाटातून जुनी ब्रेलची पाटी काढली. जाड कागदावर टोचत बसलेय. हात दुखतो, पण निदान हे तरी माझ्याकडून होतंय.

४ फेब्रुवारी

डोळे जन्मापासूनच नाहीत. त्याचं मला कधी फार वाटलं नाही. कान होते ना! इतकी वर्षं टेलिफोनच्या बोर्डवर बसून लोकांना एकमेकांशी जोडून दिलं. गेल्या वर्षी कानही गेले – आधी डावा, मग उजवा. तेव्हापासून ही ब्रेलची पट्टी म्हणजेच माझे कान. समोरचा माणूस माझ्या फोनवर टाइप करतो, मी बोटांनी वाचते, तोंडाने उत्तर देते. तोंड शाबूत आहे माझं. जरा जास्तच, असं सासूबाईंचं मत!

पट्टी बंद झाली आणि घरातली माणसं एकदम नाहीशी झाली. नवऱ्याशी ठरवून घेतलंय: मी विचारायचं, त्याने हातावर थाप मारायची. एक थाप हो, दोन थापा नाही.

फोन चालू आहे? हो. ब्लूटूथ? हो. पट्टीशी जोडलाय असं दिसतंय? हो. मग घोडं अडलंय कुठे? – याला थाप नाही.

५ फेब्रुवारी

जोडणी तोडली, पुन्हा जोडली. दोन्ही बंद करून चालू केले. वायर लावली. दुसरी वायर लावली. पट्टीच्या कळा लॉक झाल्यात का पाहिलं – नाहीत. मग त्याने दुकानातून काचा पुसायचं मऊ फडकं आणलं आणि ठिपक्यांची भोकं पुसली. मी हात लावून बघत होते. किती हळू पुसत होता!

त्याचं चष्म्याचं दुकान. आंधळ्या बायकोचा चष्मेवाला नवरा – लग्नात यावर सगळे हसले होते. सगळ्यात जास्त मी.

६ फेब्रुवारी

काही नाही.

७ फेब्रुवारी

घरात ब्रेल कोणालाच येत नाही, तेव्हा इथे लिहून टाकते. बाईंकडे मी जागा मागितली आहे. त्यांची संस्था आहे. ना डोळे ना कान अशी माझ्यासारखी माणसं तिथे राहतात. हातावर हाताने बोलतात. कामं करतात, भांडतातसुद्धा म्हणे! बाई स्वतः तशाच. डिसेंबरपासून आमचे मेसेज चालू आहेत. ताईला माहीत आहे – ती लांब राहते, पण माझं सगळं तिला माहीत असतं. इथे कोणाला सांगितलेलं नाही. जागा मिळाली की सांगेन.

का जायचं? मी यांना जड झालेय म्हणून. कोणी म्हणालं नाही. म्हणायला कशाला हवं! सासूबाई रोज दुपारी माझी वेणी घालायच्या. महिना झाला, वेणी नाही, काही नाही. ताट आणून ठेवतात, मनगटाला बोट लावून निघून जातात. हा दुकानातून आला की माझ्या खोलीत खुर्चीवर बसतो. पलंगाला खुर्ची लागते म्हणून कळतं. नुसता बसतो. पट्टी चांगली होती तेव्हा तरी काय लिहायचा? 'जेवलीस?' 'झोप आता.' कर्तव्य! मी गेले तर दोघांची सुटका होईल. आणि माझीही, खरं म्हणजे.

९ फेब्रुवारी

बाई वाट बघतील तरी किती? माझं उत्तर नाही आलं तर जागा दुसऱ्या कोणाला जाईल. जीव टांगणीला लागलाय.

१० फेब्रुवारी

पट्टी जिथून घेतली त्या दुकानात हा घेऊन गेला. फोन घरीच होता. परत आला तेव्हा पट्टीबरोबर एक कागद होता, तिथल्या कोणीतरी ब्रेलमध्ये टोचून दिलेला. 'पट्टी ठणठणीत आहे. आमच्या फोनवर चालते. तुमचा फोन बघा.'

इतक्या दिवसांनी माझ्याशी कोणीतरी पूर्ण वाक्य बोललं! कागद दहा वेळा वाचला. उशीखाली ठेवलाय.

११ फेब्रुवारी

म्हणजे दुखणं फोनचं आहे. एक उपाय उरलाय – फोन पूर्ण पुसून नव्यासारखा करायचा. म्हणजे बाईंचे सगळे मेसेज जाणार. नाही! तो उपाय नको. याने पुन्हा फोन हातात घेतला, पुन्हा सगळं तपासलं. त्याचा उसासा माझ्या हातावर आला. मी म्हटलं, राहू दे. तो गेला नाही. बसून राहिला.

१३ फेब्रुवारी

आमची ओळख फोनवरची. चष्म्याच्या एका ऑर्डरसाठी त्याने आमच्या ऑफिसात फोन केला आणि चुकीचं एक्स्टेन्शन मागितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चुकीचं. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, 'साहेब, नंबर चुकतोय की चुकवताय?' तो हसला. त्या हसण्यावर मी भाळले. रंगरूप मला बघायचं नव्हतंच!

आज तो आवाज आठवायला बसले. शब्द आठवतात, आवाज येत नाही. अगदी येत नाही. खूप रडले. मोठ्याने रडले की हळू, कोण जाणे.

१६ फेब्रुवारी

पोपट येऊन गेला. बोर्डवर माझ्या शेजारी बसायचा. प्रत्येक नंबर दोनदा म्हणायची सवय, म्हणून पोपट. तोही आंधळा, पण कान असे तिखट की भिंतीपलीकडचं ऐकेल. स्वतःची पाटी घेऊनच आला. मी माझी रडकथा सांगितली – बॅटरी, ब्लूटूथ, वायर, फडकं. त्याने माझा फोन घेतला. दोनदा बोट फिरवलं असेल नसेल, तोच माझ्या दंडाला चिमटा काढला आणि कागद टोचून हातात दिला. 'फोन बोलत नाहीये.'

मी म्हटलं, मग? मला कुठे ऐकायचंय?

'अगं शहाणे! जो वाचून दाखवतो तोच पट्टीला ठिपके देतो. स्क्रीन रीडर बंद आहे. तो बंद, पट्टी बंद!'

कपाळाला हात लावला. हे मला माहीत होतं! आंधळ्याच्या फोनचं बोलणं कोणी कधी बंद करत नाही, म्हणून डोक्यातच आलं नाही. कान असते तर फोन गप्प आहे हे तिथल्या तिथे कळलं असतं. ज्यांना कान आहेत त्यांना त्याचा अर्थ माहीत नव्हता. आणि मी सगळे प्रश्न विचारले, तेवढा एक नाही.

त्याने स्क्रीन रीडर चालू केला. बोटांखाली ठिपके उठले! बाईच. 'जागा आहे. एक मार्चला या. तुमच्या शेजारची खाट माझी. मी घोरते असं लोक म्हणतात. तुम्हाला काय त्याचं!'

मी पुन्हा वाचणार, तोच पोपटाने घाईघाईने कागद दिला. 'आवाज कमी कर! केवढ्याने ओरडतोय. सगळ्या घराने ऐकलं.'

कान जात होते तेव्हा मी फोनचा आवाज वाढवत होते. रोज थोडा. शेवटी सगळा वाढवला. मग कान गेले. आवाज तेवढाच राहिला.

१७ फेब्रुवारी

म्हणजे मी ताईला जे लिहिलं ते सगळं फोन घरभर वाचत होता. ताईची उत्तरं, बाईंचे मेसेज, सगळं! आणि मी समजत होते, मी गुपचूप लिहितेय.

आवाज पार बंद करून, नुसत्या पट्टीवर जुने मेसेज वाचले. पाच जानेवारी, ताईला: 'सासूबाईंच्या हाताला सारखा कांद्याचा वास. वेणी घालतात तेव्हा जीव नकोसा होतो.' वेणी कधी थांबली? त्याच आठवड्यात.

आणि दोन फेब्रुवारी, संध्याकाळ: 'ताई, मी त्याच्या आवाजाशी लग्न केलं होतं गं. आवाज गेला. आता उरलाय तो नुसता एक हात. कोणाचाही असू शकतो.'

संध्याकाळी तो खुर्चीवर असतो. त्या दिवशीही असणारच. लाजेने मेल्यासारखं झालं. मी म्हणत होते ही माणसं दूर झाली. मीच एकेक वाक्य ऐकवून त्यांना दूर लोटत होते!

१८ फेब्रुवारी

त्याला विचारलंच. तेव्हा फोनचं बोलणं तू बंद केलं होतंस?

'मी नाही. आईने. शेजारणीकडून करून घेतलं. म्हणाली, ते ऐकून पडलेलं तुझं तोंड बघवत नाही मला.'

फोन गप्प झाला ते तुला कळलं नाही?

'कळलं. बरं वाटलं. पट्टीशी त्याचा संबंध असेल असं वाटलं नाही.'

मग आधीच का नाही सांगितलंस, की सगळं ऐकू येतंय म्हणून? किती दिवस ऐकत होतास?

ठिपके उठले: 'माझ्याशी तू बोलतच नव्हतीस. ताईशी बोलायचीस ते तरी ऐकायला मिळायचं. सांगितलं असतं तर तेही थांबलं असतं.'

मी त्याचा हात धरला. माफ कर म्हटलं. हा हात तुझाच आहे, मला ओळखू येतो, म्हटलं. त्याने हात सोडवून घेतला नाही.

१९ फेब्रुवारी

केस मोकळे सोडले आणि भिंत धरत धरत स्वयंपाकघरात गेले. सासूबाईंपुढे पाठ करून बसले. म्हटलं, आई, चुकले. कांद्याच्या हातानेच घाला.

उठून जावं असं वाटायला लागलं. मग कंगवा आला. इतकी घट्ट वेणी घातली की डोळ्यांत पाणी आलं! पुरता राग काढला. शेवटी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो काढलाच नाही. मीही रडले, त्याही रडत असाव्यात. इथे कोणाला मी जड नव्हते. मला उगाच वाटत होतं.

ठरलं. नाही जायचं. उद्या बाईंना तसं कळवायचं.

२० फेब्रुवारी

त्याला सांगितलं – बाईंना लिहितेय, येत नाही म्हणून. इथेच राहते. त्याने माझ्या हातातून फोन काढून घेतला. ठिपके अडखळत उठत होते, लिहून पुसत होता बहुतेक. 'असं लिहू नकोस. बाईंचे मेसेज वाचताना तू हसतेस. मी रोज समोर बसून बघतो. वर्षभरात या घरात दुसऱ्या कशालाही हसली नाहीस. जा तू.'

मी हसते हे मला माहीतच नव्हतं.