तांबड्याची खांदेमळणी

मंगळवार, १२ ऑगस्ट
आलो बाबा एकदाचा! लातूरच्या गॅरेजात लोकांचं काळं तेल उपसून जीव विटला होता. इथं देगलूरच्या अलीकडे डोळे निवतील एवढं हिरवं गवत आणि मधोमध वीरण्णांची डेअरी. राहायला फरशीची खोली, नळाला पाणी. वीरण्णांची म्हातारी आई, शांतम्मा, लई मायाळू. मी जेवून आलो म्हटलं तरी दोन भाकरी वाढल्याच. माझं काम एकच, ट्रॅक्टरमागचं गवत कापायचं मोअर चालवायचं आणि नीट ठेवायचं. बैल विकून ते घेतलं म्हणे. विकलेल्या बैलाचं नाव तांबड्या, म्हणून यंत्रही तांबड्याच! हसू आवरेना. आधीचा ड्रायव्हर चंद्रप्पा नांदेडला लेकाकडं गेला, म्हणून ही जागा मला मिळाली.

बुधवार, १३ ऑगस्ट
तांबड्याची सर्व्हिसिंग काढली. माझी पद्धत ठरलेली आहे. इंजिन बंद, चावी खिशात. पाती फिरायची पूर्ण थांबेपर्यंत हात लावायचा नाही. मग ट्रॅक्टरची ताकद मोअरला देणारा दांडा, पीटीओचा शाफ्ट, सोडायचा, मोअर जमिनीवर टेकवायचं, उचललेलंच ठेवायचं असेल तर खाली लाकडी ठोकळे. ग्रीस भरायचं निप्पल पुसल्याशिवाय ग्रीस गन लावायची नाही, नाहीतर माती आत जाऊन बेअरिंग खाते. यात घाई करणाऱ्याला मी शेजारी उभासुद्धा करत नाही.

पण निप्पल पुसलं तर फडक्याला पिवळं, चिकट, आंबूस काहीतरी लागलं. लोणी! वर हळद. शिसारीच आली. वीरण्णा सहज म्हणाले, पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही ह्याचीबी खांदेमळणी करतो, बैल न्हाईत म्हणून सण सोडायचा का? बैलाच्या खांद्याला लोणी चोळतात हे मला मान्य. बेअरिंगात? कपाळावर हात मारून घेतला.

शनिवार, १६ ऑगस्ट
गिअरबॉक्सचं तेल बदलायला खालचं बूच सोडलं. तेल नव्हतंच. आधी ढेकर दिल्यासारखी हवा सुटली, मग पिवळट लगदा आला. आंबलेलं पुरण, राठ केस, आणि त्यात वळवळ. सगळं कोमट. यंत्र तर कालपासून बंद होतं. नाक दाबून घमेलंभर घाण काढली, डिझेलनं आतून धुतलं, नवं नव्वद नंबरचं तेल ओतलं. साबण संपेपर्यंत हात धुतले, तरी वास जात नाही. जेवण तसंच परत पाठवलं.

सोमवार, १८ ऑगस्ट
श्रावणी सोमवार. उपास आहे ते बरंच झालं. नवं तेल सगळं तांबड्यानं जमिनीवर थुंकलंय. बूच मात्र घट्ट होतं. पुन्हा धुवायला बसलो. घाण अर्धवट टाकून उठणं मला जमत नाही, माझी बायको वर्षाराणी यावरून कायम हसते. फडकं आत घातलं तर आतली बाजू मऊ लागली. बैलाच्या जिभेसारखी खरखरीत. फडकं आत ओढलं गेलं.

घमेल्यात गाळ खाली बसला तेव्हा त्यात एक नख दिसलं. माणसाच्या अंगठ्याचं. ओकलो. पोटात काही नव्हतं, नुसतं पित्त पडलं.

मंगळवार, १९ ऑगस्ट
वीरण्णा आधी टाळत होते, मग बोलले. गेल्या पोळ्याला तांबड्याला पुरणपोळी भरवताना चंद्रप्पाचा हात गेला, मनगटापर्यंत. मी म्हटलं, इंजिन चालू ठेवलं असणार त्यानं. वीरण्णा म्हणाले, बंद हुतं, चावी त्याच्याच खिशात हुती. शांतम्मा तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बैलाला कुठं चावी असती रे?"

मी उद्याच निघणार. पाऊस मात्र थांबत नाही.

गुरुवार, २१ ऑगस्ट
नाल्याला पूर. एसटी बंद, पायी जायलाही वाट नाही. अडकलो.

आज खांदेमळणी. मी हात लावणार नाही, असं तोंडावर सांगितलं. शांतम्मांनीच लोणी-हळद चोळली, पात्यांवर, सांध्यांवर, अगदी मायेनं. तेव्हा तो रवंथ करत होता. ट्रॅक्टर जोडलेलाच नव्हता, तरी आतलं काहीतरी हळूहळू फिरत होतं आणि खालून लाळ गळत होती. मग बैलाला देतात तेच आवतन दिलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." वर माझं नाव घेतलं, संगमेश्वर भरवील म्हणून. ज्याच्या हाती कासरा, त्यानंच घास भरवायचा, ही इथली रीत –

मला कुणी विचारलं?

शुक्रवार, २२ ऑगस्ट, पोळा
पाणी ओसरलं. पिशवी घेऊन निघालो. फाटकात तांबड्या उभा. ट्रॅक्टर शेडमध्येच. शेडपासून फाटकापर्यंत कापलेल्या गवताचा पट्टा, त्यावर पिवळी लाळ –

परत खोलीत. कडी लावली.

दुपार
तांबड्या दाराबाहेर आलाय. वास. वीरण्णांनी खिडकीतून पुरणपोळीचं ताट दिलं. हात जोडले. तुम्ही न्हाई भरवलं तर आमच्या अम्माकडं वळंल, म्हणाले. म्हातारी खरंच अंगणात उभी आहे. हसते आहे –

पोळी दाराखालून सरकवली. लांबूनच, बोटांच्या टोकांनी. तरी चाटलं. कोमट, खरखरीत. शी –

नंतर
उजवा हात स्वच्छ झाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. वास नाही. नखांत घाण नाही. नखंच नाहीत. दुखत मात्र नाही –

डाव्याला अजून तोच वास येतोय. आंबलेला. एक हात असा घाण ठेवून मला बसवत –

कडी काढतो. जराशीच फट, एक हात जाईल एव–