शॉवरच्या ओट्याचा डावा कोपरा

तीर्थस्वरूप मामा,

तुम्हाला आणि मामींना नमस्कार. एरवी मी पत्रात वाकून नमस्कार लिहितो आणि लिहिताना खुर्चीत ऐसपैस टेकलेला असतो. आज खरोखरच वाकून लिहितो आहे, कारण गेले पाच दिवस पाठ सरळ होत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? मामींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, असं आईकडून कळलं. आमच्याकडे सगळे बरे आहेत, म्हणजे तब्येतीने. तुम्ही माझ्यावर रागावला नसाल हे मला ठाऊक आहे. रागावण्याइतकी माहिती तुमच्यापर्यंत पोचलेलीच नाही, आणि तीच द्यायला हे पत्र लिहितो आहे.

आमच्या न्हाणीघराच्या कोपऱ्यात तुम्ही तीन वर्षांपूर्वी शॉवरचा ओटा बांधून दिलात, त्याला आजवर प्लास्टिकचा पडदा होता. तो पडदा आंघोळ करणाऱ्याच्या अंगाला (ओळखपाळख नसतानाही) येऊन चिकटायचा. हिने कंटाळून काचेचं सरकतं दार मागवलं. बसवणारा माणूस पंधरा दिवसांनी येतो म्हणाला, तेव्हा मी म्हणालो की त्यात काय एवढं, चार स्क्रू तर आहेत. (स्क्रू बत्तीस निघाले. त्यातले एकोणतीस बसवले. उरलेले तीन जास्तीचे दिले असतील, असं मी घरात सांगितलं आहे.) दाराबरोबर आलेल्या कागदावर नुसती चित्रं होती. चौथ्या चित्रातला माणूस ओट्याच्या कडेवर पातळी बघायची पाणसळ ठेवतो आणि तिच्यातला बुडबुडा बरोब्बर मधोमध राहतो. माझा बुडबुडा थेट उजव्या टोकाला जाऊन बसला, म्हणजे कडेचा डावा कोपरा चांगला अर्धं बोट खाली होता. पाणसळ उलटी फिरवली, तरी तो तिथेच. मग पाणसळच बिघडली आहे असं ठरवून मी ती कपाटात टाकली आणि पाचव्या चित्राकडे वळलो.

दार बसलं. दिसायला झकास होतं. फक्त ते बंद राहत नसे. लावून हात काढला की एखाद्या अदबशीर नोकरासारखं हळूहळू डावीकडे सरकून पूर्ण उघडायचं. हिने दोन दिवस एका हाताने दार धरून आंघोळ केली. तिसऱ्या दिवशी मी दार ज्यावर सरकतं त्या खालच्या पट्टीच्या डाव्या टोकाखाली प्लास्टिकच्या डब्याच्या झाकणाचे तुकडे कापून सरकवले, वरून सिलिकॉन भरलं आणि दार जागच्या जागी थांबायला लागलं. त्या संध्याकाळी मी निष्कारण चार वेळा हात धुवायला न्हाणीघरात गेलो.

नेमके त्याच आठवड्यात सासरे राहायला आले. ते शाळा तपासणारे अधिकारी होते, आणि निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी कशावरही शेरा मारल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. रविवारी सकाळी ते आंघोळीला गेले. पाण्याने ते तुकडे सटकले, पट्टी डावीकडून खचली, चाकं रुळावरून उतरली आणि काच भिंतीत आणि चौकटीत अशी तिरकी अडकली की ना आत, ना बाहेर. सासरे चाळीस मिनिटं आत होते, त्यातली पहिली दहा साबणासकट. मी वरच्या फटीतून त्यांना टॉवेल दिला आणि बाहेरून ती काच उचलायला गेलो, तिथेच पाठ गेली. शेवटी मी सांगत गेलो आणि त्यांनीच आतून दार उचलून सोडवलं. पण त्याआधी, धुरकट काचेपलीकडून, अगदी शांत आवाजात त्यांनी विचारलं, "जावईबापू, हा ओटा कोणी बांधला?"

आणि मी म्हणालो, "मामांनी."

मामा, शब्द खरा होता. म्हणूनच तो इतक्या सहज तोंडातून गेला.

आई त्या दिवशी आमच्याकडेच जेवायला होती. सासऱ्यांनी ताटावर बसल्याबसल्या शेरा मारला, की तुमच्या भावाचा हात आता थकला असेल, वयच आहे. आईला लागलं, आणि तिने तुम्हाला फोन केला. मी मान खाली घालून जेवत होतो. सगळ्यांना वाटलं, मामांबद्दल ऐकून मला वाईट वाटतंय. काल आईने सांगितलं, की तुम्ही थापी, ओळंबा, सगळी हत्यारं शेजारच्या गवंड्याला देऊन टाकलीत आणि म्हणालात, आपला हात गेला. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

हात तुमचा गेला नाही. ओटा झाला त्या दुपारी तुम्ही कडेवर पाणसळ ठेवून मला बुडबुडा दाखवला होता, मधोमध. सांधे तू उद्या भर, तेवढं तुला जमेल, पण आज कोणी वर चढायचं नाही, असं बजावून तुम्ही गाडी गाठायला निघालात. तुम्ही कोपऱ्यावरून वळला नसाल, तोवर मी चढलो. कारण काही नव्हतं. नवीन शॉवरखाली आपण कसे उभे राहू ते बघायचं होतं. सगळ्या कपड्यांनिशी, कोरड्या नळाखाली, डोकं चोळल्याचा अभिनय करत मी कडेच्या डाव्या कोपऱ्यावर पाय देऊन उभा राहिलो, आणि पायाखाली काहीतरी मऊ दबलं. सुरी घालून फरशी उचलायला गेलो तर ती आणखी खाली गेली. मग पुसून घेतलं, दुसऱ्या दिवशी सांधे भरले आणि विसरून गेलो. (विसरलो नाही. तीन वर्षं रोज त्याच कोपऱ्याला टाळून आंघोळ करतो आहे.)

आज सकाळी नाश्त्याच्या वेळी मी सासऱ्यांना हे सगळं सांगून टाकलं. त्यांनी पेपर खाली ठेवला, चष्मा काढला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, कबूल करायला मोठं मन लागतं. हिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा इकडची काळजी करू नका. मामींना नमस्कार सांगा, आणि जमलं तर मला माफ करा.

तुमचा,
ज्याला तुम्ही लहानपणापासून 'उपद्व्याप' म्हणता तो

ता.क. त्या गवंड्याकडून थापी परत मागून घ्या आणि इकडे या. कोपऱ्याच्या फरशा उपटून पुन्हा बसवायला हव्यात. माल मी कालवीन, तुम्ही स्टुलावर बसून फक्त सांगा. दार काढून बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलं आहे. आलेगेले विचारतात, हे कशाला आणलंय म्हणून.

ता.क. दुसरं. वर नाश्त्याचं जे लिहिलं आहे ते घडलेलं नाही. मी तोंड उघडलं होतं, पण साखर मागितली. पत्र पाकिटात घालताना ते वाक्य पुन्हा वाचलं आणि लाज वाटली, म्हणून उठून आता खरोखर सांगून आलो. सासऱ्यांनी खांद्यावर हातबित ठेवला नाही. हिच्याही डोळ्यांत पाणी नव्हतं, ती नुसती "हं" म्हणाली. सासऱ्यांनी तुमचा नंबर मागितला. आता ते आतल्या खोलीत फोनवर आहेत. दार लोटलेलं आहे, तरी ऐकू येतंय. एवढा मोठा अधिकारी माणूस, तुम्हाला म्हणतोय, "चूक माझी झाली, चौकशी न करता बोललो." म्हणजे हे पत्र मिळेल तेव्हा तुम्हाला सगळं आधीच कळलेलं असेल. तरी टाकतो आहे. त्यांनी सांगितलं असलं तरी ते माझ्या तोंडचं नव्हे.