भोंग्याचं वाक्य

४ फेब्रुवारी, सकाळ

भोंग्याच्या बायकोचा फोन. भोंगा म्हणजे माझा कॉलेजातला जिवलग दोस्त, आमच्या नाटकांचा कायमचा हीरो. माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतला माणूस दचकेल असा आवाज. पंचवीसएक वर्षांत त्याचा फोन नाही, पत्र नाही. (कामात असणार.) आता दोघं याच शहरात राहायला आलेत. वहिनी म्हणाल्या, मागच्या वर्षी ह्यांना मेंदूचा झटका आला. चालतात-फिरतात, सगळं कळतं, पण बोलायला गेलं की शब्द सापडत नाहीत. जुन्या ओळखीचं कुणी भेटलं तर बरं वाटेल.

पहिला मीच आठवलो. बाकीच्यांचे फोन लागले नाहीत असं त्या ओघात म्हणाल्या. तो भाग वेगळा.

संध्याकाळ

हिला सांगितलं. हिने विचारलं, तुम्ही नाटकात कधी होता? पुन्हा समजावून सांगितलं. मी प्रॉम्प्टर होतो. विंगेत उभं राहून भोंग्याला शब्द पुरवायचो. तोंड त्याचं, डोकं माझं. आणि आता त्याला शब्दच सापडत नाहीत! योग्य माणसाला फोन गेलाय.

संकल्प : महिन्याभरात भोंग्याला बोलता करणे. शिवाय साखर बंद. शिवाय केस काळे.

९ फेब्रुवारी, रविवार

कलप कपाळावर उतरला. घासून घासून कातडी लाल झाली, काळेपणा तसाच. तरी गेलो.

भोंगा खिडकीजवळच्या खुर्चीत. निम्मा झालाय. मला पाहून डोळ्यांत पाणी आलं. वहिनी म्हणाल्या, आजारपणापासून डोळ्यांतून पाणी येतंच. त्यांना काय कळणार.

तो ‘का... का...’ करू लागला. मी लगेच पुरवलं : कॉलेज? कार्यक्रम? काळजी करू नकोस? दरवेळी मान नाही म्हणून हलली. शेवटी त्याने माझ्या कपाळाकडे बोट दाखवलं.

स्पीच थेरपिस्ट बाई तिथेच होत्या. वयाने लहान, आवाजाने हेडमास्तर. म्हणाल्या, शब्द पुरवू नका, कितीही वेळ लागला तरी त्यांना शोधू द्या. बाईंनी नाटक पाहिलेलं दिसत नाही. नट अडलाय आणि प्रॉम्प्टर शांत उभा, मग प्रेक्षक खुर्च्या मोडणार नाहीत?

१२ फेब्रुवारी

ऑफिसात कटकट. लिफ्ट कंपनीचा तक्रार विभाग मी सांभाळतो. एका बाई फोनवर म्हणाल्या, लिफ्टमध्ये माझी सासू... मी म्हटलं, अडकली, माणूस पाठवतो. पाठवलाही. सासू लिफ्टमध्ये चष्मा विसरली होती. साहेब म्हणाले, लोकांचं बोलणं पुरं होऊ देत जा. सगळ्यांना हल्ली एकच वेड लागलंय.

साखर उद्यापासून बंद. आज मन थाऱ्यावर नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

गप्प बसायचं ठरवून गेलो. चहापर्यंत बसलो. मग भोंगा म्हणाला, ‘पा...’ मी धावत पाणी आणलं. प्यायला. पुन्हा ‘पा...’ पुन्हा पाणी. तिसरा ग्लास त्याने हाताने ढकलला, माझ्या पँटवर सांडला. पाय अवघडला होता म्हणे. पण ‘पा’ बरोबर होता. निम्मं यश.

१९ फेब्रुवारी

वहिनींचा फोन. मी यायच्या आधी ते पाच-सहा शब्द स्वतःचे स्वतः बोलायचे, आता प्रयत्नच करत नाहीत. तोंड मिटून दाराकडे बघत बसतात. थेरपिस्टचं म्हणणं, काही दिवस भेट नको.

विचार केला. दाराकडे बघतो म्हणजे माझी वाट बघतो. अशा वेळी न जाणं क्रूरपणा होईल.

२३ फेब्रुवारी, रविवार

गेलो. वहिनींनी दार अर्धंच उघडलं, मग माझ्याकडे बघून पूर्ण उघडलं. थेरपिस्टही होत्या. मी भोंग्यासमोर उभा राहून त्याचंच गाजलेलं भाषण सुरू केलं. ओळ अर्धी सोडायची, उरलेली त्याने म्हणायची, अशी योजना. त्याने एकही पुरी केली नाही. सगळं भाषण मीच म्हटलं. पहिल्यांदाच विंगेच्या बाहेर. बरं झालं म्हणायला हरकत नाही.

मग भोंग्याने हात वर केला. म्हणाला, ‘तू...’

माझं तोंड उघडलं. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. मी थांबलो. भोंग्याच्या कपाळावर घाम. ‘इथे...’ ‘तू इथे रोज ये’ हे माझ्या जिभेवर तयार होतं. दातांखाली धरलं. आयुष्यात कधी इतका थांबलो नव्हतो.

“तू... इथे... येऊ नकोस.”

आजारपणानंतरचं पहिलं पूर्ण वाक्य. कर्ता, क्रियापद, नकार, सगळं जागच्या जागी. वहिनी त्याचा हात धरून रडायला लागल्या. बाईंनी टाळ्या वाजवल्या. भोंगा हसला, अगदी पडदा पडल्यावर हसायचा तसा. मीही टाळ्या वाजवल्या. दुसरं काय करणार?

बाहेर बूट घालायला वेळ लागला. नाडीची गाठ बसली होती. आत बाई त्याच्याकडून तेच वाक्य पुन्हा म्हणवून घेत होत्या. दुसऱ्यांदा जास्त स्पष्ट आलं.

२ मार्च, रविवार

हिने विचारलं, आज जायचं नाही? म्हटलं, आता गरज नाही, बोलायला लागलाय. काय बोलला, असं हिने विचारलं. म्हटलं, बरंच काही.

दुपारी सहज फोन लावला. वहिनी उचलतील असं वाटलं होतं. त्यानेच उचलला. ‘को... को...’ सुरू झालं. मी मध्ये बोललो नाही. बराच वेळ गेला, पण शेवटी स्वच्छ, खणखणीत आलं : “कोण?”

उत्तर द्यायचं होतं. काय म्हणावं ते सुचेना. फोन ठेवला.