समुद्रराजाचा निरोप्या आणि मिसुझुचं लग्न

तीर्थस्वरूप फुमिएताईस,

कानेझोचा, कंबर जेवढी वाकू देते तेवढा वाकून नमस्कार. कानाझावात बर्फ पडलं का? तुझे गुडघे काय म्हणतात? मी ठणठणीत आहे (हारुए मला विधुर करून गेल्यापासून स्वतःच्या हातचं खातोय, तरीही).

ताई, आपल्या पोरीचं, मिसुझुचं लग्न मोडता मोडता वाचलं. नवऱ्या मुलाची मावशी त्सुनेकोबाई (आईवेगळ्या पोराला हिनेच वाढवलं; विधवा, हिदाच्या डोंगरातली, जीभ भारी तिखट) तारीख ठरवायला आमच्याकडे हिमीला आल्या, आणि नेमका त्याच पहाटे आमच्या जाळ्यात समुद्रराजाचा निरोप्या म्हणतात तो मासा आला. तीन माणसं एकापुढे एक निजवावीत एवढा लांब आणि जाडीला जेमतेम माझ्या पंज्याएवढा. सगळं अंग चांदीच्या पट्टीसारखं, खवला एक नाही, डोक्यावर तांबडा तुरा, पाठभर तांबडी झालर, गळ्याखाली दोन लांबच लांब दोरे. तोंडात दात नाहीत (चेहरा थेट आपल्या बाबांचा, रागावू नकोस). शेपटीचं टोक तुटकं. मासा न्यायला आलेली मत्स्यालयाची मुलगी म्हणाली, तो स्वतःच टाकून देतो. बाईंचं मात्र एकच: "हा खोल पाण्यातून वर आला की भूकंप होतो. लग्न पुढच्या वर्षी बघू." मिसुझु रडायला लागली.

मी बाईंना सरळ धक्क्यावर नेलं. म्हटलं, "हात तर लावा, भूकंप झाला तर माझ्यावर घाला." त्यांनी मांजराला गोंजारावं तसा हात फिरवला आणि उचलला, तर पंजा चंदेरी (त्याची चांदी हाताला लागते). बाई लहान मुलीसारख्या हसल्या. आता जाळ्यात आलेलं चाखल्याशिवाय सोडायचं नाही, ही आपली पद्धत तुला ठाऊकच आहे. मत्स्यालयाची मुलगी ओरडत असताना मी एक तुकडा कापून मिसोच्या सारात शिजवला. त्याचं पाणीच झालं, चवीच्या नावाने शून्य. बाईंनी दुसरा वाडगा मागून घेतला आणि निकाल दिला, "अंगात नुसतं पाणी. हा कसली जमीन हलवणार?" चेरी फुलल्या की लग्न.

तुझा,
कानेझो

ता. क. : येताना गरम कपडे आण.

आणखी एक ता. क. : त्सुनेकोबाई अजून इथेच आहेत. बर्फाने घाट बंद आहे म्हणतात. घाट परवाच उघडला, हे त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही. मध्यस्थ म्हणून तू येऊन बोलशील का? मिसुझुसाठी नाही, तिचा मध्यस्थ ठरलाय.